काडतुसाची पुंगळी

दारूचा भार, तो पेटविणारी टोपी आणि गोळी किंवा छरे यांना एकत्र धरून ठेवणारे व बंदुकीच्या कोठीत नेमके बसणारे नळीसारखे आवरण. बार उडाल्यावर गोळी नळीतून निघून जाते, दारू जळते आणि मागे राहते ती रिकामी पुंगळी. ‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला असून तो संपूर्ण भारासाठी वापरतात. ‘पुंगळी’ हा त्याचा केवळ एक भाग होय. तथापि मागून भरावयाच्या बंदुकीचे आयुष्य बव्हंशी या भागावर अवलंबून असते. पोलाद व लाकूड शंभर वर्षे टिकले, तरी योग्य मापाची पुंगळी मिळेनाशी झाली की बंदूक निरुपयोगी होते. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या अनेक शिकारी बंदुकींच्या बाबतीत असेच घडले आणि त्यामुळे त्यांच्या पुंगळ्या हाताने घडविण्याचे एक स्वतंत्र, अतिशय काटेकोर कसब काही देशांत निर्माण झाले.

रचना व कार्य : पुंगळीचे बूड, भिंत व मुख असे तीन भाग पडतात. बुडाच्या मध्यभागी टोपी बसविण्याची खोबण असते. बुडाची बाहेर आलेली कड कोठीच्या मागील काठावर टेकते, त्यामुळे काडतूस आत घसरत नाही; बार झाल्यावर याच कडेला धरून पुंगळी बाहेर काढता येते. छऱ्यांच्या काडतुसात दारू व छरे यांमध्ये नमदा, पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक यांचा डट्टा घालतात. चाप ओढला की घोडा पडतो, त्याची पिन टोपीवर आदळते, टोपीतील संवेदनशील मिश्रण भडकते आणि त्याची ज्वाला दारूपर्यंत पोहोचते.

पुंगळीचे सर्वांत महत्त्वाचे कार्य वायुरोधनाचे आहे. दारू पेटताच निर्माण होणाऱ्या वायूंच्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगते आणि कोठीला घट्ट चिकटते. त्यामुळे तप्त वायू मागे, म्हणजे बंदूकधाऱ्याच्या चेहऱ्याकडे, येऊ शकत नाहीत. दाब उतरताच भिंत किंचित आकसते आणि पुंगळी सुटी होते. फुगणे व पुन्हा आकसणे हे दोन्ही गुण सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेत उत्तम रीतीने एकत्र येतात. मात्र भिंत व मुख लवचिक आणि बूड कठीण असावे लागते. एकाच पुंगळीत धातूची कठिनता जागोजागी वेगळी ठेवणे, हेच तिच्या घडणीतील खरे कौशल्य होय.

मापे : छऱ्यांच्या बंदुकीचे माप जुन्या इंग्रजी पद्धतीनुसार ‘बोअर’ या संख्येने सांगतात. एक पौंड (सु. ४५४ ग्रॅ.) शिशापासून नळीत नेमक्या बसणाऱ्या जितक्या समान गोळ्या होतील, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणून संख्या वाढते तशी नळी अरुंद होते. बारा बोअरच्या नळीचा व्यास सु. १८·५ मिमी., सोळा बोअरचा सु. १६·८ मिमी. आणि वीस बोअरचा सु. १५·६ मिमी. असतो. हत्ती, गवा यांसारख्या जनावरांसाठी पूर्वी आठ व चार बोअरच्या अवजड बंदुका वापरीत. पेचदार नळीच्या रायफलींचे माप मात्र नळीच्या किंवा गोळीच्या व्यासावरून, इंचाच्या दशांश अपूर्णांकात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात.

व्यासाइतकेच महत्त्व लांबीलाही आहे. जुन्या इंग्रजी बारा बोअर बंदुकींच्या कोठ्या पुष्कळदा अडीच इंची (सु. ६५ मिमी.) पुंगळीसाठी केलेल्या असत; पुढे ७० मिमी. लांबीची पुंगळी रूढ झाली. दुमडलेल्या मुखाचे लांब काडतूस आखूड कोठीत सहज शिरते. परंतु बार होताना त्याचे मुख उघडून पुढील निमुळत्या भागात अडकते आणि दाब धोकादायक प्रमाणात वाढतो. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या ‘दमास्कस’ नळ्यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो, कारण त्यांपैकी बहुतेकांची चाचणी केवळ काळ्या दारूच्या भाराने झालेली असते. निर्धूम दारूचे काडतूस बंदुकीत बसते, एवढ्यावरून ते तिच्यासाठी योग्य ठरत नाही.

इतिहास : दारू व गोळी कागदात गुंडाळून आधीच तयार ठेवण्याची पद्धत यूरोपात सोळाव्या शतकापासून आढळते. हे कागदी काडतूस दातांनी फाडून त्यातील दारू ठासणीच्या बंदुकीत ओतीत आणि कागदासह गोळी गजाने ठासून बसवीत. एन्फील्ड बंदुकीच्या अशाच काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली असल्याच्या समजाने १८५७ मध्ये कंपनी सरकारच्या हिंदी शिपायांत तीव्र असंतोष पसरला. मीरत येथे २४ एप्रिल १८५७ रोजी घोडदळाच्या ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला आणि त्यांना शिक्षा झाल्यानंतर १० मे रोजी तेथे उठावाचा भडका उडाला.

स्वतःची पेटवण स्वतःत असलेले काडतूस आघाताने भडकणाऱ्या द्रव्यांच्या शोधानंतरच शक्य झाले. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ मध्ये आघाताने बार पेटविण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. पॅरिसमध्ये काम करणारा स्विस बंदूककार सॅम्युएल पाउली याने १८१२ मध्ये धातूचे बूड असलेले काडतूस व त्यासाठी मागून भरण्याची बंदूक तयार केली. ही कल्पना काळाच्या पुढे होती. फ्रान्समध्ये काझिमीर लफोशो याच्या बंदुकीबरोबर १८३५ च्या सुमारास पिनेचे काडतूस प्रचारात आले. त्याच्या बुडाशी बाजूने एक पितळी पिन बाहेर आलेली असे व घोडा तिच्यावर पडे. ऊल्ये याने १८४६ मध्ये वायू कोंडून धरणाऱ्या पातळ धातूच्या बुडाचे एकस्व घेतले. खिशात बाळगताना बाहेरच्या पिनेला धक्का लागण्याची भीती असे. त्यामुळे १८६० नंतर मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसाने तिची जागा घेतली.

इंग्लंडमध्ये कर्नल एडवर्ड बॉक्सर याने १८६६ मध्ये स्नायडर बंदुकीसाठी पितळी पत्रा गुंडाळून व त्याला लोखंडी बूड जोडून पुंगळी तयार केली. त्याच सुमारास अमेरिकन हायरम बर्डन याने टोपीचा दुसरा प्रकार काढला. बॉक्सरच्या टोपीत ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते. बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडविलेली असून तिच्या बाजूंना बहुधा दोन बारीक छिद्रे असतात. पुढे इंग्रज बॉक्सरची टोपी अमेरिकेत आणि अमेरिकन बर्डनची टोपी यूरोपात अधिक रूढ झाली. मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या गुंडाळलेल्या पत्र्याच्या पुंगळ्या तापलेल्या कोठीत फाटत व अडकत. सूदानमधील १८८४–८५ च्या मोहिमेत या दोषाचा कटू अनुभव आल्यावर एकसंध पितळी पुंगळीचा स्वीकार झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्ह्येय याने १८८४ मध्ये निर्धूम दारू तयार केली. तिच्या अधिक दाबापुढे एकसंध पुंगळीला पर्यायच उरला नाही. छऱ्यांच्या काडतुसात मात्र पितळी बुडाची कागदी पुंगळी दीर्घकाळ टिकली. अमेरिकेत १९६० मध्ये प्लॅस्टिकची पुंगळी बाजारात आल्यावर तिचा वापर ओसरला.

पुंगळी व भारतातील पावसाळा : भारतातील हवामानाने पुंगळीच्या इतिहासात दोन प्रकारे भर घातली. कागदी पुंगळी ओलसर हवेत फुगते व कोठीत जात नाही, किंवा गेली तर निघत नाही. म्हणून येथील शिकारी संपूर्ण पितळेच्या पुंगळ्या पसंत करीत. इंग्लंडमधील किनॉक कंपनीच्या ‘परफेक्ट’ या पातळ पितळी पुंगळ्या अशाच प्रकारच्या होत. त्या पुन्हा पुन्हा भरता येत. शहरापासून आठवडेच्या आठवडे दूर असलेल्या मुक्कामावर टोप्या काढण्याची व बसविण्याची लहान हत्यारे बाळगून काडतुसे भरली जात. भिंत पातळ असल्याने अशा पुंगळीत नेहमीपेक्षा एक-दोन मापांनी मोठे डट्टे घालावे लागत. तसे न केल्यास वायू डट्ट्याच्या कडेने निसटून बार कमजोर होई.

दुसरी भर धातुविज्ञानातील आहे. भारतातील ब्रिटिश सैन्याच्या साठ्यांतील पितळी पुंगळ्या न वापरताच तडकल्याचे आढळे आणि हा प्रकार विशेषेकरून पावसाळ्यात घडे. म्हणून त्याला ऋतुभंग असे अर्थाचे इंग्रजी नाव पडले. पावसाळ्यात मोहिमा थंडावत व दारूगोळा कोरड्या दिवसांपर्यंत तबेल्यांत ठेवला जाई, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ओलसर हवेत पितळेवर क्रिया करी. परंतु केवळ त्याने तडा जात नसे. घडणीच्या वेळी ताणलेल्या धातूत जे अवशिष्ट प्रतिबल शिल्लक राहते, ते आणि अमोनिया एकत्र आले म्हणजे पितळेच्या कणांच्या सीमांवरून भेग पसरे. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये या कार्यकारणाचा उलगडा केला. पुंगळी सौम्य तापमानास तापवून हे प्रतिबल घालविणे, हा त्यावरील उपाय होय. प्रतिबल व रासायनिक परिसर यांच्या संयुक्त परिणामाने धातू तडकण्याचे हे अभिजात उदाहरण अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत आजही दिले जाते.

कारखान्यातील निर्मिती : पितळी पत्र्यातून चकत्या कापून त्यांच्या वाट्या करतात. या वाट्या क्रमाने अरुंद होत जाणाऱ्या साच्यांतून दट्ट्याने दाबून लांब नळ्या करतात. प्रत्येक टप्प्यात पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. म्हणून मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. या क्रियेस अनुशीतन म्हणतात. शेवटी बूड ठोकून टोपीची खोबण व कड तयार करतात, लांबी छाटतात आणि केवळ मुखाकडील भाग पुन्हा तापवितात. बुडावर कारखान्याची खूण व मापाचे किंवा वर्षाचे अंक उमटवितात. जुन्या पुंगळ्यांची ओळख पटविताना ही खूण फार उपयोगी पडते.

महाराष्ट्रात या उद्योगाचे जुने केंद्र पुण्याजवळील खडकी येथे आहे. तेथील दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ मध्ये झाली. त्याच्या पुंगळ्यांवर ‘केएफ’ ही इंग्रजी आद्याक्षरे आढळतात. सैन्यासाठी लागणाऱ्या काडतुसांबरोबर परवानाधारक नागरिकांसाठी बारा बोअरची काडतुसेही येथे तयार होत आली आहेत. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांचा दुसरा कारखाना निघाला. आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आले.

दुर्मिळता : जुन्या बंदुकीची पुंगळी नाहीशी होण्यामागे कधी बाजार असतो, तर कधी कायदा. मार्टिनी-हेन्रीची गोळी ०·४५० इंच व्यासाची असे. लष्करी काडतुसांतील गोळ्या काढून त्या त्याच मापाच्या शिकारी रायफलींसाठी वापरल्या जातील, या भीतीने ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात व सूदानमध्ये या मापावर बंदी घातली. त्यामुळे इंग्लंडमधील बंदूककारांना भारतीय गिऱ्हाइकांसाठी ०·४६५, ०·४७० यांसारखी नवी मापे काढावी लागली. प्रत्येक प्रसिद्ध पेढीने आपापले माप पुढे केल्याने पुंगळ्यांचे प्रकार वाढले. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत अशा रायफली मोठ्या संख्येने आल्या. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहात शिकारी शस्त्रे व पेंढा भरलेले प्राणी शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. साम्राज्य आटोपले, शिकारीचे गिऱ्हाईक घटले आणि १९७० च्या सुमारास किनॉकने मोठ्या मापांच्या शिकारी काडतुसांचे उत्पादन थांबविले. त्यानंतर या बंदुका पुंगळीवाचून पडून राहिल्या. पुढे काही मापे मर्यादित प्रमाणात पुन्हा तयार होऊ लागली, पण सर्व नव्हेत.

हस्तनिर्मिती : ज्या देशांत कायद्याने तशी मुभा आहे, तेथे पुंगळी घडविण्याच्या तीन पद्धती मुख्यत्वे आढळतात. कोणत्याही पद्धतीत पहिले काम मोजमापाचे असते. बंदुकीवर कोरलेले माप आणि कोठीचे प्रत्यक्ष माप यांत पुष्कळदा फरक असतो. म्हणून कोठीत कमी तापमानास वितळणारी मिश्रधातू ओतून तिचा ठसा घेतात. पूर्वी याकरिता गंधक वापरीत.

पहिली पद्धत कागदी पुंगळीची. चिवट कागदाचे अनेक वेढे खळीने चिकटवून नळी करतात आणि ती धातूच्या बुडात बसवितात. पिनेच्या जुन्या बंदुकींसाठी व काळ्या दारूच्या सौम्य भारासाठी ती चालते. दुसरी पद्धत रूपांतराची. उपलब्ध असलेल्या मोठ्या, सशक्त पुंगळीला साच्यांच्या मालिकेतून दाबून मापास आणतात, जादा लांबी छाटतात व कड कातून घेतात. यात मूळ कारखान्याच्या बुडाचे बळ कायम राहते. म्हणून शक्य तेथे हीच पद्धत विश्वसनीय मानली जाते. तिसरी पद्धत कातीव पुंगळीची. जवळपासचे कोणतेच माप नसेल, तर पितळी दांड्यापासून कातण यंत्रावर संपूर्ण पुंगळी कोरून काढतात. ती दिसावयास देखणी असते. परंतु ताणून केलेल्या पुंगळीत धातूची कणरचना भिंतीच्या दिशेने वळलेली असते, ती येथे सलग राहत नाही. सहज कातता यावे म्हणून शिसे मिसळलेले पितळ त्याच कारणाने दाबाखाली कमी चिवट ठरते.

या कामात डोळ्यांना न दिसणाऱ्या दोषांचा धोका अधिक असतो. बूड व भिंत जेथे मिळतात तेथे पुंगळी सर्वाधिक ताणली जाते. कोठीत ती सैल असेल, तर याच ठिकाणी आडवी फाटते. तापविताना उष्णता बुडापर्यंत पोहोचली, तर बूड मऊ होऊन टोपीची खोबण पसरते आणि वायू मागे येतात. जुन्या टोप्यांतील पाऱ्याच्या संयुगामुळे एकदा वापरलेली पुंगळी आतून ठिसूळ होते. काळ्या दारूची राख ओलावा धरते. म्हणून वापरलेली पुंगळी गरम पाण्याने त्वरित धुवावी लागते. तांबट व कासार यांच्या हातच्या पितळी भांड्याला पोचा आला, तर तो ठोकून काढता येतो. पुंगळीच्या बाबतीत अशी सवड नसते, कारण तिचा दोष कळतो तो बार उडताना.

शिकार व वन्य जीव : पुंगळीने बंदूक भरण्याचा वेळ अर्ध्या मिनिटावरून काही क्षणांवर आणला. याचा परिणाम वन्य जीवांवर झाला. मात्र ऱ्हासाचा प्रारंभ त्यापूर्वीच झाला होता. रॉबर्ट मॅन्सफील्ड या इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक पक्षी मारल्याची नोंद आहे. त्या काळी बंदुका ठासणीच्याच होत्या. पुढे मागून भरण्याच्या बंदुका आल्या. विसाव्या शतकात गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाण्याने राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या भागांत माळरानाच्या व कोरडवाहू रानाच्या जागी ऊस आला. बंदूक आणि अधिवासाचा नाश या दोन्हींचा मार बसल्यावर उरलेल्या पक्ष्यांसाठी १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. काळविटांसाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये अभयारण्य झाले. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार कायद्याने संपुष्टात आली.

कायदा व जतन : भारतात शस्त्रांवरील नियंत्रण १८७८ च्या अधिनियमाने कडक झाले. त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ याने घेतली; तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. सध्या त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. या अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग व ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणून परवान्यावाचून पुंगळी घडविणे वा काडतूस भरणे हा हौसेचा विषय राहत नाही; तो गुन्हा ठरतो. दुरुस्त करूनही उडविता येणार नाही अशा कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला मात्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने सूट दिली आहे. बंदूक ‘पुराणवस्तू’ आहे की ‘शस्त्र’ आहे, हे केवळ तिच्या वयावर ठरत नाही; ती उडू शकते की नाही, हा प्रश्न निर्णायक असतो.

वारशाने आलेल्या जुन्या पेट्यांत कधी कधी भरलेली काडतुसे सापडतात. वयामुळे ती निकामी झाली असतील, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. टोपीतील मिश्रण दीर्घकाळ सक्रिय राहू शकते. अशी काडतुसे उघडणे, घासून चकचकीत करणे किंवा तापविणे टाळून पोलिसांना कळविणे इष्ट असते. रिकामी पुंगळी प्रदर्शनात ठेवताना तिच्या बुडावरील खूण न घासता तशीच राखतात आणि ती अमोनियायुक्त द्रावणाने पुसत नाहीत. कारण ज्या अमोनियाने तबेल्यातील पुंगळ्या तडकल्या, तोच पितळ उजळण्याच्या अनेक द्रावणांत असतो. खूण शाबूत असली म्हणजे कारखाना, काळ, बंदुकीचे माप आणि पुष्कळदा ती कोणासाठी तयार झाली हेही कळते. या दृष्टीने जतन केलेली पुंगळी हे तिच्या बंदुकीइतकेच विश्वसनीय ऐतिहासिक साधन होय.